पिकअप गाडीतील इशाराघंटा

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना नवल वाटले असेल. रस्ता सुरक्षा म्हटली की वेगमर्यादा, मद्यपान, वळणावरचे फलक, हेल्मेट हे विषय ठरलेले. त्यांच्या पंक्तीत पिकअप गाडीत टुंग टुंग वाजणाऱ्या घंटेला पाट कशासाठी मांडावयाचा? परंतु आपल्यापैकी जे गाडी चालवितात किंवा चालकाशेजारी बसून तालुक्याला जातात, त्यांना या घंटेचा जाच ठाऊक आहे. आणि तिचा आवाज बंद करण्याची युक्ती कोणत्या गॅरेजात मिळते हेही पुष्कळांना ठाऊक आहे. या युक्तीची किंमत काय पडते, आणि ती न करता जाच कमी कसा करावयाचा, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

पिकअप ही आज खेड्याची बैलगाडी झाली आहे. भाजीपाला, दुधाचे कॅन, खताची पोती, मंडपाचे सामान, आजारी वासरू, सारे तिच्यातूनच जाते. या गाडीत वाजणारी घंटा एक असली तरी तिची कारणे अनेक असतात. दार नीट लागलेले नसते, दिवे चालू ठेवून चालक उतरलेला असतो, हँडब्रेक ओढलेला असताना गाडी पुढे निघालेली असते, बेल्ट लावलेला नसतो. ही झाली नित्याची कारणे. याखेरीज इंजिनातील ऑइलचा दाब उतरणे, पाणी प्रमाणाबाहेर तापणे, डिझेलच्या फिल्टरमध्ये पाणी साठणे ही गंभीर कारणे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली. तेव्हापासून ज्या डिझेल गाड्यांत युरियाच्या द्रावणाची निराळी टाकी असते, त्यांत ते द्रावण संपत आल्याचाही इशारा मिळू लागला.

अनेक गाड्यांत या सर्व कारणांना मिळून बोलण्यासाठी एकच तोंड असते. डॅशबोर्डच्या आत एक बझर बसविलेला असतो आणि बेल्टपासून ऑइलपर्यंत ज्याला काही सांगावयाचे आहे तो त्याच बझरमधून सांगतो. बेल्टची कटकट नको म्हणून कोणी त्या बझरची वायर तोडली, तर त्याच कातरीने ऑइलचा आणि पाण्याचा इशाराही तुटतो. दिव्यांचेही तसेच आहे. पुष्कळ गाड्यांत हँडब्रेक ओढला असता लागणारा लाल दिवा आणि ब्रेकचे तेल कमी झाले असता लागणारा लाल दिवा हा एकच असतो. हँडब्रेकचा स्विच बिघडला, दिवा सारखा लागू लागला, घंटा वाजू लागली, म्हणून वायरमनने ती जोडणी मुळापासून काढून टाकली, असे समजा. पुढे एखाद्या दिवशी चाकाजवळची नळी झिरपू लागते, तेल उतरते, आणि मालाने भरलेली गाडी घाट उतरत असते. त्या वेळी जो दिवा लागावयाचा तो पूर्वीच काढून टाकलेला असतो. चालकाला पहिली वार्ता मिळते ती पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही तेव्हा.

आता सर्वांत अधिक शिव्या खाणाऱ्या घंटेकडे, म्हणजे सीटबेल्टच्या घंटेकडे येऊ. तिला फसविण्याचे प्रकार मुख्यतः तीन. बेल्टच्या टोकाला धातूची जीभ असते. तशीच नुसती जीभ विकत आणून खाचेत खुपसून ठेवावयाची, हा पहिला. खराच बेल्ट, परंतु पाठीमागून नेऊन लावावयाचा आणि त्यावर बसावयाचे, हा दुसरा. आसनाखालची वायर काढून टाकावयाची, हा तिसरा. तिन्ही प्रकारांत गाडीची समजूत होते की चालक बांधलेला आहे. ही समजूत केवळ घंटेपुरती राहत नाही. ज्या गाडीत एअरबॅग आहे, तिच्यातील नियंत्रक अनेकदा बेल्ट लागला आहे की नाही हे पाहून एअरबॅग कधी फुगवावयाची ते ठरवितो. एअरबॅग हे बेल्टचे पूरक साधन आहे, पर्याय नव्हे. बांधलेल्या माणसासाठी केलेला हिशेब न बांधलेल्या माणसाला लागू पडत नाही, आणि धडकेच्या वेळी तो दुरुस्त करावयास सवड नसते.

“आम्ही काय मुंबई-पुण्याच्या हमरस्त्यावर जातो? गावच्या रस्त्याला पन्नासच्या वर काटा जात नाही,” असा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. येथे शिक्षक मंडळी बसली आहेत, त्यांनी हे गणित वर्गात जरूर घालावे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. हा वेग उंचावरून पडून यावयाचा असेल तर किती उंचावरून पडावे लागेल? वेगाचा वर्ग करा, त्याला गुरुत्वत्वरणाच्या दुपटीने भागा. उत्तर जवळजवळ १० मीटर येते, म्हणजे तीन मजली इमारतीची उंची. ताशी ३६ किलोमीटर घेतले तरी ५ मीटर येतात. पाच मीटर खोल कोरड्या विहिरीत डोके खाली करून उडी घ्यावयास कोणी तयार होणार नाही; तथापि बेल्ट न लावता त्या वेगाने झाडावर आदळणे याहून निराळे नाही. गाडी थांबते, माणूस थांबत नाही. तो स्टिअरिंगवर, काचेवर किंवा काचेतून बाहेर जाऊन थांबतो.

पिकअपच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अनुमानाप्रमाणे कमरेचा व खांद्याचा असा दुहेरी बेल्ट पुढील आसनावरील माणसाच्या मृत्यूचा धोका साध्या मोटारीत ४५ टक्क्यांनी कमी करतो, तर पिकअपसारख्या हलक्या ट्रकमध्ये ६० टक्क्यांनी. उंच आणि मागे भारलेली गाडी उलटण्याचा संभव अधिक, आणि उलटलेल्या गाडीतून बाहेर फेकला गेलेला माणूस क्वचितच वाचतो. ज्या वाहनात बेल्टचा लाभ सर्वांत मोठा, त्याच वाहनाचे चालक तो लावण्यात मागे, असा अनुभव त्या देशातही आहे. तेथील शेतकरीही म्हणतो, शेतातून फाटकापर्यंतच तर जावयाचे आहे.

अमेरिकेचे नाव निघाले आहे, तर या घंटेचा तेथील इतिहास थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. तो आपल्या अधिकारीवर्गास विशेष उपयोगी पडण्यासारखा आहे.

तीन बिंदूंवर बांधणारा आजचा बेल्ट निल्स बोहलिन या स्वीडिश अभियंत्याने व्होल्वो कंपनीसाठी तयार केला, तो १९५९ साली. बेल्ट आला, पण लोक लावीनात. १९७० नंतर अमेरिकेत नव्या मोटारींत बेल्ट न लावल्यास दिवा आणि बझर देण्यात आला. लोकांनी तारा तोडल्या, बेल्ट आसनामागे बांधून ठेवले. मग शासनाने मोठीच उडी घेतली. १९७४ सालच्या नव्या मोटारींत अशी योजना सक्तीची झाली की पुढे बसणाऱ्यांनी बेल्ट लावल्याखेरीज इंजिनच सुरू होऊ नये. कागदावर ही योजना निर्दोष होती. व्यवहारात बाजूच्या आसनावर किराण्याची पिशवी ठेवली किंवा कुत्रे बसले तरी गाडी सुरू होईना, कारण आसनाला माणूस कोणता आणि पिशवी कोणती हे कळत नव्हते. स्विच बिघडला तर माणूस बेल्ट लावूनही जागच्या जागी अडकून पडे. लोकक्षोभ एवढा झाला की त्याच वर्षी अमेरिकी संसदेने कायदा केला आणि २७ ऑक्टोबर १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यावर सही केली. इंजिन अडविण्याची सक्ती तर गेलीच, शिवाय बेल्टचा बझर आठ सेकंदांहून अधिक काळ वाजविण्याची सक्ती करण्यासही शासनाला मनाई झाली. रस्त्यावर बेल्ट लावणाऱ्यांचे प्रमाण त्यानंतरची दहा वर्षे अगदी अल्प राहिले. १९८३ च्या सुमारास ते शेकडा चौदाच्या आसपास होते.

आठ सेकंदांची ही मर्यादा अडतीस वर्षे टिकली. ती २०१२ च्या कायद्याने उठली. मधल्या काळात एक गोष्ट मात्र घडली. शासनाला सक्ती करता येत नसली तरी कारखानदाराला स्वेच्छेने अधिक काळ घंटा देता येत होती. फोर्ड कंपनीने २००० सालच्या गाड्यांपासून अशी घंटा बसविली. तिची रीत पाहण्यासारखी आहे. ती सारखी कोकलत नसे. सहा सेकंद वाजे, तीस सेकंद गप्प राही, पुन्हा सहा सेकंद वाजे, आणि पाच मिनिटांनी थांबे. शिवाय ज्याला ती नकोच असेल त्याला बंद करण्याची पद्धत मालकपुस्तिकेत छापलेली होती. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या घंटेच्या गाड्यांचे ७६ टक्के चालक बेल्ट लावलेले आढळले. त्याच कंपनीच्या बिनघंटेच्या गाड्यांत हे प्रमाण ७१ टक्के होते. पाच टक्के हा आकडा लहान वाटेल. परंतु ज्यांनी दंडाच्या भीतीलाही दाद दिली नव्हती, अशांपैकी सहांतील एकाने एका सौम्य घंटेने बेल्ट लावला, असा त्याचा अर्थ होतो. अडवणुकीने जे साधले नाही ते चिकाटीने साधले.

आपल्या देशात १ जुलै २०१९ नंतर तयार झालेल्या प्रवासी मोटारींत चालक व शेजारी यांच्यासाठी बेल्टची घंटा आणि वेगाची घंटा सक्तीची आहे. ताशी ८० किलोमीटर ओलांडले की थांबून थांबून इशारा मिळतो, १२० ओलांडले की तो अखंड वाजतो. अनेक नव्या मालवाहू पिकअप गाड्यांतही बेल्टची घंटा येऊ लागली आहे. बेल्ट लावण्याचे बंधन केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १३८ चे आहे, आणि न लावल्यास कलम १९४-ब खाली एक हजार रुपये दंड आहे.

घंटा आली तशी तिला फसविणारी जीभही बाजारात आली. काही विक्रेते ती बाटलीचे झाकण उघडण्याचे साधन म्हणून विकत होते. आपल्या लोकांच्या कल्पकतेला खरोखर तोटा नाही! मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या पाच कंपन्यांविरुद्ध आदेश काढले आणि अशा वस्तूंच्या १३,११८ नोंदी विक्रीतून काढविल्या. त्या प्रसंगी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे २०२१ चे आकडे पुढे ठेवण्यात आले. त्या एका वर्षात बेल्ट न लावलेले १६,३९७ लोक अपघातांत मरण पावले. त्यांतील ८,४३८ चालक आणि ७,९५९ प्रवासी होते.

एवढे सांगूनही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. घंटेचा जाच खोटा नाही. विनाकारण वाजणारी घंटा ही “लांडगा आला रे आला” म्हणणाऱ्या मुलासारखी असते. चार वेळा खोटे ओरडल्यावर पाचव्यांदा कोणी धावून येत नाही. म्हणून विनाकारण वाजणे थांबविणे हे सुरक्षेचेच काम आहे, आणि ते वायर न तोडता होते.

दार लागले असूनही घंटा वाजत असेल तर बहुधा दाराच्या कुलपातील लहानसा स्विच धुळीने किंवा वाळलेल्या ग्रीसने अडकलेला असतो, अथवा दार किंचित उतरून खिट्टी पुरती बसत नसते. कुलूप स्वच्छ करणे, खिट्टी सरकवून बसविणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. बेल्टच्या खाचेत माती, धान्याचे दाणे, क्वचित नाणे जाऊन बसते. ती हवेच्या झोताने साफ करावी, तेल सोडू नये. तेलाला धूळ चिकटते. आसनाखाली जॅक, दोर, पाने कोंबण्याची आपल्याकडे सवय आहे, त्याने तेथील जोडण्या ओढल्या जातात आणि घंटा वेड्यासारखी वाजू लागते. जोडणी पक्की केली की ती शांत होते. मात्र पिवळ्या रंगाची जोडणी एअरबॅगची असते, तिला रस्त्यावरच्या कारागिराने हात लावू नये. डिझेलमधील पाण्याचा इशारा असेल तर फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढून टाकावे. हँडब्रेकचा दिवा जात नसेल तर आधी ब्रेकच्या तेलाची पातळी पाहावी, मग स्विच. काही गाड्यांत अमुक इशाऱ्याचा आवाज कमी करण्याची सोय कारखानदारानेच दिलेली असते. ती मालकपुस्तिकेत असते, आणि ती पुस्तिका गाडीच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत न उघडता पडलेली असते.

बाजूच्या आसनावर टोमॅटोचे क्रेट ठेवले की घंटा वाजते, ही तक्रार सर्वत्र आहे. त्या आसनात वजन ओळखणारी पट्टी असते; काही किलो वजनाने ती जागी होते, आणि क्रेट व माणूस यांत ती फरक करीत नाही. क्रेट मागे हौद्यात ठेवावे हे उत्तम. जागा नसेलच तर क्रेटवरून बेल्ट नेऊन तो लावावा. घंटा थांबते, आणि करकचून ब्रेक लागला तर क्रेट चालकाच्या कुशीत येत नाही.

आता पंचायतीच्या घरचीच गोष्ट. गावोगावची कचरा गोळा करणारी गाडी म्हणजे आपली घंटागाडी. तिच्या नावातच घंटा आहे! बाहेरची घंटा गावाला उठविते आणि आतली घंटा चालकाला सतावते. दर पंधरा-वीस मीटरवर थांबा, दार उघड, दार लाव, बेल्ट काढ, बेल्ट लाव. अशा चालकाने बेल्ट पाठीमागून लावून टाकला तर दोष त्याच्या एकट्याचा म्हणता येईल काय? ज्या गाडीवर एकच माणूस नेमलेला आहे, त्या गाडीची कामाची पद्धतच घंटेच्या विरुद्ध आहे. चालकाने बसून राहावे आणि कचरा घेण्याचे काम सोबतच्या मदतनिसाने जमिनीवरून चालत करावे, अशी विभागणी असेल तर बेल्ट एकदा लागला की गल्ली संपेपर्यंत काढावा लागत नाही. मदतनिसाने मागच्या पायरीवर लोंबकळत जावयाचे नाही, कचराडेपोकडे जाताना दुसऱ्या आसनावर बेल्ट लावून बसावयाचे, हेही त्यातच आले. एका माणसाचा पगार वाचविण्यासाठी दुसऱ्याचा बेल्ट सुटतो, हा हिशेब मासिक सभेत मांडण्यासारखा आहे.

घंटा गप्प असली म्हणजे सारे ठीक, असेही नव्हे. पिकअपच्या हौद्यात बसलेल्या माणसांसाठी कोणतीही घंटा वाजत नाही, कारण तेथे आसन नाही, बेल्ट नाही, आणि माणसे असतील हे गाडी बनविणाऱ्याने गृहीतच धरलेले नाही. २० मे २०२४ रोजी छत्तीसगडच्या कबीरधाम जिल्ह्यात तेंदूपाने गोळा करून परतणाऱ्या मजुरांची पिकअप दरीत कोसळली आणि १९ जण दगावले. ११ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणी सोमवारी, आपल्या पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनास निघालेल्या महिलांची पिकअप घाटात कोसळली आणि अनेक महिला प्राणास मुकल्या. वऱ्हाड, यात्रा, मजुरांची ने-आण आणि शाळेच्या सहली यांसाठी हौदा वापरला जाऊ नये, ही सूचना कोणत्याही यंत्राकडून येणार नाही. ती गावातील माणसालाच द्यावी लागेल, आणि गाडी निघण्यापूर्वी द्यावी लागेल.

शेवटी एक तपासणी सांगतो. तिला ना कारागीर लागतो ना खर्च. पंचायतीने नवी गाडी ताब्यात घेताना, जुनी गाडी दुरुस्तीहून परत आल्यावर, किंवा शाळेसाठी गाडी भाड्याने ठरविताना ती अवश्य करावी. गाडी बंद असताना किल्ली फिरवावी, परंतु इंजिन सुरू करू नये. डॅशबोर्डवर ऑइल, बॅटरी, ब्रेक आणि असल्यास एअरबॅग यांचे दिवे लागले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत आपोआप जातो; ऑइलचा व बॅटरीचा इंजिन सुरू झाल्यावर जातो; ब्रेकचा हँडब्रेक सोडल्यावर जातो. एखादा दिवा गेला नाही तर बिघाड आहे हे उघडच आहे. परंतु एखादा दिवा मुळात लागलाच नाही, तर तो जळालेला आहे किंवा कोणीतरी काढून ठेवलेला आहे असे समजावे. मग चालकाच्या आसनावर बसून, बेल्ट न लावता, घंटा वाजते का ते ऐकावे, आणि खाचेत सुटी जीभ नाही ना ते हात घालून पाहावे. दोन मिनिटे लागतात. गाडी मिळाल्याच्या पावतीवर सही त्यानंतर करावी.